बडीशेपेचं शेपूट

अमेरिकेतल्या मेरियम-वेब्स्टर या कोशकार मंडळींकडे ‘बॅकवर्ड इंडेक्स’ नावाचा एक ऐवज आहे. सुमारे ३,१५,००० कार्डं, आणि प्रत्येक कार्डावर एक इंग्रजी शब्द उलटा टाइप केलेला. ‘मून’ तिथं एन-ओ-ओ-एम असा बसलाय. ही उलटी कार्डं मग वर्णानुक्रमानं लावली. संगणक यायच्या आधीच्या काळात कुणीतरी टायपिस्ट मंडळींनी शांतपणे हे काम केलं, लाखो शब्द शेवटाकडून सुरुवातीकडे. वरवर पाहता वेडेपणाच. पण त्यातून एक गोष्ट साधली. साध्या कोशात ‘मून’ आणि ‘हनीमून’ यांची कधी गाठ पडत नाही, इथं ते शेजारी आले. सगळे ‘लॉजी’ एका खणात, सगळे ‘फोबिया’ एका खणात.

आपल्याकडच्या माणसाला याचं फार नवल वाटायला नको. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडातला नानार्थवर्ग असाच लावलेला आहे. आधी ज्यांच्या शेवटी ‘क’ येतो ते कान्त शब्द, मग खान्त, मग गान्त. मेदिनीकोशाची मांडणीही शेवटच्या व्यंजनावरूनच. तिकडे अरबीत जौहरीनं आपला कोश धातूच्या शेवटच्या अक्षरावरून लावला. ज्याला श्लोक रचायचा आहे, यमक जुळवायचं आहे, त्याला शब्दाचं तोंड कसं आहे याच्याशी काय घेणं? त्याला शेवट हवा. आणि सहलीच्या गाडीत घसा बसेपर्यंत भेंड्या खेळलेल्या आपल्यासारख्यांचे कान तर कायम शेवटच्या अक्षरावरच टवकारलेले असतात. ‘ळ’ आला की मेलो, ही भीती ज्याला ठाऊक आहे त्याला शब्दांच्या शेवटांविषयी वेगळं काही सांगावं लागत नाही.

मी बरीच वर्षं एका वृत्तपत्राच्या डेस्कवर काढली. एजन्सीची इंग्रजी कॉपी समोर यायची, ती मराठीत आणायची, मथळा द्यायचा, पुढची घ्यायची. या कामात माणूस इंग्रजी शब्दांकडे शेवटाकडूनच बघायला लागतो. ‘क्रसी’ दिसली की ‘शाही’, ‘लॉजी’ दिसली की ‘शास्त्र’, ‘इझम’ दिसला की ‘वाद’. हे सगळे शहाणे, घरंदाज प्रत्यय. ग्रीक-लॅटिनातून रीतसर आलेले, कुठंही लावा, अर्थ देणार म्हणजे देणार. मला त्यांचं कधी फारसं आकर्षण वाटलं नाही.

मला ओढ वाटली ती दुसऱ्या जातीच्या शेवटांची. जे मुळात प्रत्यय नव्हतेच. एखाद्या अखंड शब्दाचा कुणीतरी भलत्याच ठिकाणी तुकडा पाडला आणि तो तुकडा स्वतंत्रपणे धंदा करू लागला. अर्नॉल्ड झ्विकी या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं २०१० मध्ये अशा तुकड्यांना ‘लिबफिक्स’ असं नाव दिलं, म्हणजे मोकळा सुटलेला प्रत्यय. पालीचं शेपूट तुटून वळवळत राहतं ते आपण पाहतो. इथं त्या शेपटाला नव्या पाली फुटतात.

सगळ्यात आवडता नमुना आधी सांगून टाकतो, कारण तो आपल्या रोजच्या वापरातला आहे. बस.

लॅटिनमध्ये ‘ऑम्निस’ म्हणजे सर्व. त्याची चतुर्थी, बहुवचन: ‘ऑम्निबस’. सर्वांसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये घोड्यांच्या सार्वजनिक गाड्या सुरू झाल्या, तेव्हा त्यांना हे नाव पडलं. पैसे दिले की कुणीही चढावं अशी गाडी, म्हणून सर्वांसाठी. १८२९ च्या जुलैमध्ये जॉर्ज शिलिबीअरनं लंडनमध्ये पॅडिंग्टन ते बँक अशी तीन घोड्यांची ऑम्निबस सुरू केली. लंडनकरांना एवढं लांब नाव घ्यायला सवड कुठली, त्यांनी शब्दाचं डोकं उडवलं आणि शेपूट ठेवलं. आता गंमत बघा. ज्यांनी शाळेत ‘रामाय रामाभ्यां रामेभ्यः’ घोकलंय त्यांना ही लगेच कळेल. ऑम्निबस म्हणजे ‘सर्वेभ्यः’. आणि त्यातला ‘बस’ म्हणजे नुसता ‘भ्यः’. उगाच जुळवाजुळव नाही ही. लॅटिनचा ‘बुस्’ आणि संस्कृतचा ‘भ्यस्’ हे भाषाशास्त्रज्ञांच्या लेखी एकाच कुळातले प्रत्यय आहेत.

म्हणजे १५ जुलै १९२६ ला मुंबईत अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत जी पहिली मोटार धावली ती एक विभक्तिप्रत्यय होता. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला एस.टी.ची पहिली गाडी गेली, तोही विभक्तिप्रत्ययच. “शेवटची बस सुटली” याचं काटेकोर भाषांतर “शेवटची भ्यः सुटली” असं होईल. ‘सर्व’ निघून गेले आणि ‘साठी’ तेवढं स्टँडवर उभं राहिलं. पुढं त्या ‘साठी’लाच नवी डोकी चिकटली. मिनीबस, ट्रॉलीबस, आणि आकाशात उडणारी एअरबस. कुठल्याही लॅटिन पंडिताला घाम फुटेल, पण प्रवाशांचं काही अडलं नाही.

एकदा या नजरेनं बघायची सवय लागली की खाण्यापिण्यातही सुटका नाही. जर्मनीतलं हॅम्बर्ग शहर. मुळात ‘हम्माबुर्ग’, नवव्या शतकातला किल्ला. ‘बुर्ग’ म्हणजे गड, कोट. जर्मनमध्ये गावाच्या नावाला ‘अर’ लावला की त्या गावचा असा अर्थ होतो. बर्लिनचा तो बर्लिनर, फ्रँकफुर्टचा फ्रँकफुर्टर. हा ‘अर’ मराठी माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नाही, कारण आपल्या निम्म्या आडनावांमागे तोच उभा आहे. हॅम्बर्गर म्हणजे सरळ सरळ हॅम्बर्गकर. हॅम्बर्गच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या खिमा पद्धतीच्या मांसाला अमेरिकेत हे नाव मिळालं आणि पुढं ते पावात जाऊन बसलं.

इंग्रजी बोलणाऱ्यांना मात्र त्या शब्दाच्या तोंडाशी ‘हॅम’ दिसला. हॅम म्हणजे डुकराचं मांस. पदार्थात तर गोमांस! पण कान एकदा फसला की फसला. ‘हॅम-बर्गर’ असा तुकडा पडला, आणि मग ज्यात चीज तो चीजबर्गर, ज्यात मासा तो फिशबर्गर. हे सगळं फार जुनं नाही, १९३० च्या दशकापासूनचं. नीट फोड केली तर ती ‘हॅम्बर्ग’ आणि ‘अर’ अशी व्हायला हवी. चुकीच्या फोडीत ‘बर्गर’ उरतो, आणि त्याचा शब्दशः अर्थ लावायचाच तर ‘गडकर’. व्हेज बर्गर म्हणजे शाकाहारी गडकर. आमच्या घरी पोरं बर्गर मागवतात तेव्हा मी हे एकदा तरी म्हणतोच, आणि एकदा तरी “बाबा, पुरे” हे ऐकतोच.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मन नावांवर खप्पामर्जी झाली होती तेव्हा हॅम्बर्गरला ‘लिबर्टी सँडविच’ म्हणायचा घाट घातला गेला. तो टिकला नाही. वरून, कळकळीनं, देशप्रेमापोटी दिलेलं नाव गेलं. खालून, अज्ञानातून पडलेला तुकडा जगभर पसरला. भाषेत हे इतक्यांदा होतं की मला आता शब्द घडवणाऱ्या समित्यांची थोडी दयाच येते. डेस्कवर असताना परिभाषेच्या पुस्तिका माझ्या टेबलावर असायच्या. त्यांतले शब्द कसे बिनचूक, प्रत्येक सांधा जिथल्या तिथं. आणि पान लावताना मी वापरायचो ‘बस’, ‘बर्गर’ आणि ‘हेलिपॅड’.

हेलिपॅड निघालंच आहे तर तेही उरकून घेऊ. हेलिकॉप्टरची खरी फोड ‘हेलिको’ आणि ‘प्टेर’ अशी. हेलिको म्हणजे मळसूत्री, प्टेरॉन म्हणजे पंख. त्या प्टेरॉनचं आपल्या ‘पत्र’ शब्दाशी नातं आहे, संस्कृतात पत्र म्हणजे पंखसुद्धा. १८६१ मध्ये पाँतों दामेकूर नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी हा शब्द घडवला तेव्हा सांधा ‘को’ आणि ‘प्टे’ यांच्या मध्ये होता. पण ‘प्ट’नं सुरू होणारा शब्द कुणाच्या जिभेला मानवणार? लोकांनी ‘हेलि’ आणि ‘कॉप्टर’ केलं. आता हेलिपॅड म्हणजे मळसूत्राच्या पहिल्या दोन अक्षरांना उतरायला केलेली जागा, आणि लग्नात फोटो काढायला येतो त्या ड्रोनला क्वाडकॉप्टर म्हणतात.

‘वर्कहोलिक’ची कथाही अशीच. वेन ओट्स या अमेरिकी धर्मोपदेशकांनी १९७१ मध्ये आपल्या पुस्तकाच्या नावातच तो वापरला आणि तो सगळीकडे झाला. दारूचं व्यसन तो अल्कोहोलिक, कामाचं व्यसन तो वर्कहोलिक. पुढं शॉपहोलिक, चॉकोहोलिक. पण अल्कोहोल आलं कुठून? अरबी ‘अल-कुहल’ मधून. कुहल म्हणजे डोळ्यात घालायचा सुरमा. बारीक भुकटी, मग कुठल्याही पदार्थाचा अर्क, मग दारूचा अर्क, असा तो अर्थ सरकत गेला. यात ‘अल’ म्हणजे नुसतं अरबी उपपद, ते वेगळं काढलं असतं तर ठीक होतं. इंग्रजीनं कापताना ‘अल’बरोबर ‘क’ही कापून टाकला. आता जी बाई साड्यांच्या दुकानातून बाहेर पडत नाही तिच्या मागं अर्धवट कापलेल्या सुरम्याचं शेपूट असतं.

आणि तरी या सगळ्यांचा राजा ‘थॉन’.

मॅरेथॉन हे ग्रीसमधल्या एका मैदानाचं आणि गावाचं नाव. ग्रीक भाषेत ‘मॅराथॉन’ म्हणजे बडीशेप. त्या मैदानावर ती माजलेली असायची, म्हणून बडीशेपेचं रान, इतका साधा अर्थ. इसवी सनापूर्वी ४९० मध्ये तिथं अथेन्सनं इराणी फौजेचा पराभव केला. फिडिपिडीस नावाचा धावपटू विजयाची वार्ता घेऊन अथेन्सपर्यंत धावला आणि ती सांगून कोसळला ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. त्या युद्धाची हकीकत ज्यानं सगळ्यात जवळून लिहिली त्या हिरोडोटसकडे ही धाव नाही. त्याच्याकडे आहे ती लढाईच्या आधीची, स्पार्टाकडे मदत मागायला घेतलेली, कितीतरी लांबची धाव. मरणारा निरोप्या नंतरच्या शतकांतल्या लेखकांनी आणला, आणि १८७९ मध्ये रॉबर्ट ब्राउनिंगच्या कवितेनं तो सगळ्यांच्या मनात पक्का केला.

ऑलिंपिकमध्ये अशी शर्यत असावी ही कल्पना मात्र कुणा खेळाडूची नव्हती. ती मिशेल ब्रेआल या फ्रेंच पंडिताची. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या तयारीत ब्रेआलनी आपला मित्र, आधुनिक ऑलिंपिक सुरू करणारा कुबेर्तां, याला सुचवलं की मॅरेथॉनहून अथेन्सपर्यंत धावण्याची शर्यत ठेवा, विजेत्याला चषक मी देतो. त्यांनी चांदीचा चषक दिलाही. स्पिरिडॉन लुइस या ग्रीक गड्यानं तो जिंकला. २०१२ मध्ये लंडनच्या लिलावात तो ५ लाख पौंडांच्या वर गेला.

हे ब्रेआल म्हणजे कोण? तरुणपणी बर्लिनला जाऊन बोप आणि वेबर यांच्याकडे संस्कृत शिकलेले, बोपचं तौलनिक व्याकरण फ्रेंचमध्ये आणलेले, आणि शब्दांचे अर्थ कसे बदलतात याच्या शास्त्राला ‘सिमँटिक्स’ हे नाव ज्यांनी दिलं ते. अर्थविज्ञानाचं बारसं करणाऱ्या माणसानं जगाला मॅरेथॉन दिली, आणि त्या शब्दाचं पुढं जे झालं ते बघून अर्थविज्ञानाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला पुरेल एवढा अभ्यास मिळाला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा डेस्कवर शेजारच्या खुर्चीतल्या सहकाऱ्याला मोठ्यानं सांगितलं. तो म्हणाला, “क्रीडा पानाला दे, चौकट होईल.” झालीही.

‘थॉन’ तुटला तो अमेरिकेत. १९२० च्या दशकात तिथं न थांबता नाचायच्या स्पर्धांचं खूळ आलं, त्यांना डान्स मॅरेथॉन म्हणत. तोवर शब्दातून ग्रीस गळालं होतं, उरलं होतं ते ‘दम संपेपर्यंत चालू’. मग वॉकेथॉन. मग १९४९ मध्ये मिल्टन बर्ल या विनोदी नटानं कर्करोगाच्या निधीसाठी टेलिव्हिजनवर सलग सोळा तासांचा कार्यक्रम केला, आणि अशा कार्यक्रमाला टेलेथॉन हे नाव रूढ झालं. आता ‘थॉन’मध्ये आणखी एक अर्थ शिरला, देणगीचा, चांगल्या कामाचा. १९९९ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीत संगणकवाल्यांनी एकत्र बसून काम केलं त्याला हॅकेथॉन म्हटलं. आपल्याकडे २०१७ पासून सरकारच स्मार्ट इंडिया हॅकेथॉन भरवतं, आणि इंजिनिअरिंगची पोरं रात्रभर जागून त्यात कोड लिहितात.

आणि महाराष्ट्रात? रविवारच्या पुरवणीच्या पहिल्या पानावरच्या जाहिराती काढून बघा. सायक्लोथॉन, वॉकेथॉन, प्लॉगेथॉन. प्लॉगेथॉन पुण्यात महापालिकेनंच केली. धावत धावत कचरा उचलायचा. त्यातला ‘प्लॉग’ स्वीडिश ‘प्लोका’, म्हणजे उचलणं, आणि ‘जॉगिंग’ यांच्यापासून, आणि ‘थॉन’ ग्रीक बडीशेपेचं शेपूट. मराठीत ‘शेप’ म्हणजेही शेपूट, तेव्हा बडीशेपेची शेप म्हटलं तरी चालेल. हा निव्वळ योगायोग आहे, त्याच्यावर सिद्धांत उभारू नये. पण टी-शर्ट घालून, छातीला नंबर लावून, पोतडीत प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करत जाणारी ती माणसं बघितली की मला ते बडीशेपेचं रान आठवतंच. त्यांच्यापैकी कुणाला ‘थॉन’चा अर्थ ठाऊक नाही, आणि प्रत्येकाला ‘थॉन’चा अर्थ बरोबर ठाऊक आहे. आजच्या भाषेत त्याचा अर्थ “पुष्कळ वेळ, पुष्कळ माणसं, चांगल्या कामासाठी”. दोन अक्षरांना जड होईल एवढा हा अर्थ ग्रीकांनी दिला नाही. तो चुकीच्या कापणीनंतर, वापरून वापरून आला.

रशियन ‘निक’बद्दल थोडक्यात, कारण तो आला तसा गेला. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक हा रशियाचा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात गेला. स्पुटनिक म्हणजे सहप्रवासी, त्यातला ‘पुत्’ आपल्या ‘पथ’चा नातलग. अमेरिकेनं घाईघाईनं ६ डिसेंबरला आपलं व्हॅनगार्ड रॉकेट उडवायला घेतलं, ते जागच्या जागी पेटलं. दुसऱ्या दिवशी पत्रकारांनी त्याला फ्लॉपनिक, कापुटनिक, स्टेपुटनिक अशी नावं ठेवली. लायका कुत्रीचं यान तर आधीच मटनिक झालं होतं. त्यातला ‘मट’ म्हणजे गावठी कुत्रं, आपलं मटण नव्हे. १९५८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हर्ब केन या स्तंभलेखकानं तिथल्या बिनधास्त कविमंडळींना बीटनिक म्हटलं. पोरंसोरं नव्हेत, ही सगळी डेस्कवरची माणसं! मथळा द्यायचा आहे, जागा कमी आहे, आणि समोर एक नवं शेपूट चमकतंय. तो मोह मी जाणतो.

सगळीच शेपटं अशी हसरी नाहीत. प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांपैकी एक बिकिनी. तिथल्या भाषेत ‘पिक’ म्हणजे पृष्ठभाग, ‘नी’ म्हणजे नारळ. मार्च १९४६ मध्ये अमेरिकेनं तिथल्या १६७ माणसांना हलवलं आणि अणुचाचण्या सुरू केल्या. १९५८ पर्यंत २३ झाल्या. पहिल्या स्फोटानंतर चार दिवसांनी, ५ जुलैला, लुई रेआर यानं पॅरिसमध्ये पोहण्याचा दोन तुकड्यांचा पोशाख दाखवला आणि ताज्या बातमीतलं नाव त्याला देऊन टाकलं. १९६४ मध्ये रुडी गर्नरायकनं एका तुकड्याचा पोशाख काढला आणि नाव दिलं मोनोकिनी. म्हणजे बिकिनीतला ‘बि’ म्हणजे दोन! बेटाचं नाव बॉम्बनं उडवलं नाही ते इथं दोन तुकड्यांत फुटलं. त्या माणसांचा समाज अजून परत नांदायला गेलेला नाही. ‘किनी’ मात्र टॅन्किनी, बुर्किनी करत फिरतोय. अशी एखादी गोष्ट समोर आली की चुकीच्या कापणीचं माझं कौतुक जरा आवरतं होतं.

आणि ज्या शेपटाशी माझी खरी भांडणं झाली ते ‘गेट’.

वॉटरगेट ही वॉशिंग्टनमधली पोटोमॅक नदीकाठची इमारतींची वसाहत. १७ जून १९७२ ला तिथं डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत घरफोडी करताना पाच जण पकडले गेले, आणि ऑगस्ट १९७४ मध्ये अध्यक्ष निक्सन पायउतार झाले. नावाचं शब्दशः मराठी करायचं तर पाणदरवाजा. बडोद्याच्या जुन्या शहराच्या वेशींपैकी एकीचं नाव तर पाणीगेटच आहे. माझी एक आत्या त्या बाजूला राहायची, आणि बडोद्याच्या रीतीप्रमाणं “पाणीगेट दरवाजा” असं दरवाजावर दरवाजा चढवून म्हणायची. वॉटरगेटची बातमी रेडिओवर लागली की फुवा (आमच्याकडे आत्याच्या यजमानांना तसं म्हणतात) म्हणायचे, “आपल्या पाणीगेटात एवढं काही घडत नाही.”

‘गेट’ तुटायला निक्सन जायचीही वाट पाहिली गेली नाही. १९७३ मध्येच एका विनोदी मासिकानं रशियातल्या काल्पनिक भानगडीला व्होल्गागेट म्हटलं होतं. पण हे शेपूट खरं वाढवलं ते विल्यम सफायर यांनी. हे गृहस्थ आधी निक्सन यांची भाषणं लिहायचे, नंतर न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्तंभ लिहू लागले. व्हिएतगेट, कोरियागेट, लान्सगेट, बिलीगेट अशी रांगच त्यांनी लावली. पुढच्या प्रत्येक लहानमोठ्या भानगडीला तेच शेपूट लावलं की जुन्या धन्याचं पाप आपोआप लहान दिसतं, अशी शंका तेव्हाच घेतली गेली. मनाच्या तळाशी तसं काही असू शकेल, असं सफायर यांनी पुढं एका लेखकाजवळ मान्य केल्याचंही छापून आलंय. प्रत्ययाचा इतका धूर्त वापर मी दुसरा पाहिलेला नाही.

कारण ‘गेट’ प्रमाण मोडतो. १९८६ चं इराणगेट म्हणजे शस्त्रविक्री आणि बंडखोरांना चोरून पैसा. २०१५ चं डिझेलगेट म्हणजे लाखो मोटारींच्या धुराची फसवाफसवी. त्याच वर्षीचं डिफ्लेटगेट म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या चेंडूतली हवा कमी होती की नव्हती. तिघांच्या शेवटी तेच शेपूट. २०१२ मध्ये लंडनच्या डाउनिंग स्ट्रीटवर एका मंत्र्याला सायकल घेऊन मुख्य फाटकातून जायचं होतं, पोलिसांनी बाजूच्या फाटकानं जा म्हटलं, त्यावरून बाचाबाची झाली. मंत्र्यानं पोलिसांना ‘प्लेब’, म्हणजे हलक्या वर्गातले, म्हटल्याचा आरोप झाला. या प्रकरणाला प्लेबगेट म्हणाले, आणि भांडण खरोखरच फाटकावरून होतं म्हणून काहींनी गेटगेट.

आमच्या डेस्कवर ‘गेट’ आलं की वाद ठरलेला. मराठीत आपल्याकडे तीन मापं आहेत. ‘प्रकरण’ म्हणजे काहीतरी घडलंय, दोष कुणाचा ते अजून ठरायचंय. ‘घोटाळा’ म्हणजे पैसे खाल्लेत. ‘भानगड’ म्हणजे चव्हाट्यावर आलीय पण खटला होईलच असं नाही. बोफोर्स हे प्रकरण होतं, सिमेंट हे प्रकरण होतं. हे तीन शब्द निवडताना बातमीदाराला क्षणभर विचार करावा लागतो. ‘गेट’ तो विचार वाचवतो, आणि त्यातच त्याचा धोका. २०१२ मध्ये कॅगच्या अहवालात कोळसा खाणवाटपामुळं खासगी कंपन्यांना झालेल्या १ लाख ८६ हजार कोटींच्या फायद्याचा आकडा आला आणि इंग्रजी वाहिन्यांनी ‘कोलगेट’ केलं. टूथपेस्टचं नाव आयतं हाताशी! एवढ्या मोठ्या गोष्टीवर पहिली प्रतिक्रिया हसण्याची झाली. आम्ही ‘कोळसा घोटाळा’ छापलं, आणि माझ्या मते तेच बरोबर होतं. पुढं २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं २१४ खाणींचं वाटप रद्द केलं, त्या बातमीला कोलगेट शोभलं नसतं.

याच धोक्यापायी मी कोळशाच्याही बऱ्याच आधी नियम करून टाकला होता, आतल्या पानांवरही ‘गेट’ नको. राजकारणाच्या पानानं तो पाळला, अर्थ पानानंही पाळला.

क्रीडा पानानं नाही. जानेवारी २००८ मध्ये सिडनी कसोटीत हरभजननं सायमंड्सला ‘मंकी’ म्हटल्याचा आरोप झाला. भारताच्या बाजूनं असं मांडलं गेलं की तो शब्द इंग्रजी नव्हताच, हिंदी शिवीतल्या ‘माँ की’चं ऑस्ट्रेलियन कानांनी ‘मंकी’ केलं. तीन सामन्यांची बंदी अपिलात उठली, दंडावर निभावलं. म्हणजे भांडण पुन्हा शब्द कुठं तोडला आणि कसा ऐकला याचंच. त्या रात्री क्रीडा पानाच्या मुलानं मथळ्यात ‘मंकीगेट’ टाकलं होतं. मी नियम दाखवला. तो म्हणाला, “सर, मग काय लावू? माकड प्रकरण, माकड घोटाळा, की माकड भानगड?” पान सुटायला दहा मिनिटं होती. मंकीगेट छापलं.